शून्य नंबरचा आवाज

वसई रोड
१० सप्टेंबर २०००

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायचं मनात नाही, आणि नुसतं शत्रुघ्न लिहिण्याइतकी मी मोठी नाही. म्हणून जे तोंडात बसलंय तेच लिहिलं. फोन केला की मीरावहिनी माझा आवाज ओळखते आणि ठेवून देते. तुमच्या नाक्यावरच्या दुकानात निरोप ठेवला, तर दुकानदार म्हणतो, “सांगितला ताई, पन शत्रुघ्नशेठ काय बोलले नाय.” वसईहून अर्नाळ्याला एस.टी. जाते आणि मी मात्र पाकिटाला तिकीट चिकटवते आहे. हसलास तरी चालेल, पण वाच.

भांडायला लिहीत नाही. बाबा जूनमध्ये गेले आणि मला ते इथल्या बाजारात सुकट विकणाऱ्या बाईकडून कळलं. “तुजा बापूस गेला ना गो बाय, तू दिसली नाय ती?” तोवर सगळं आटोपलं होतं. घरी येऊन मी प्रल्हादला म्हटलं, सुकट ओली होती म्हणून आणली नाही. बाबांचं त्याला संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. बापाच्या मरणाची बातमी जिला सुकटवालीकडून मिळते, तिने ती नवऱ्याला कशी सांगायची असते ते मला ठाऊक नव्हतं. असो.

लिहायचं कारण वेगळं. गेल्या डिसेंबरात तू मला बाबांना चोरून बोटीवर नेलंस, त्या वेळच्या कॅसेट माझ्याकडे आहेत. माइक रबरी हातमोज्यात घालून त्यात गोडेतेल भरलं होतं, तेव्हा तू म्हणालास, “मासे काय भजी हायत, तेलात सोडतेस?” पाण्याखाली मासे आवाज करतात, कोण किती करतं ते मोजायचं, हा माझा कॉलेजातून मिळालेला प्रकल्प. कॅसेटचा ढीग झाला, पण मोजायचं कोणी? कानाने ऐकत बसले तर त्यातच रिटायर होईन. म्हणून एकोणचाळिसाव्या वर्षी मी विरारला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. पहिल्या बाकावर माझ्याच कॉलेजच्या मुली आणि शेवटच्या बाकावर त्यांची झूलॉजीची बाई. शिकवणारी पॉलिन, नंदाखालची, माझ्याहून पुष्कळ लहान आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात माझा प्रोग्रॅम थांबेचना. पॉलिन म्हणाली, “मॅडम, थांबायचं कधी ते तुम्ही सांगितलंच नाही. तो बिचारा वीज जाईपर्यंत मोजत बसणार.”

आम्ही जीवशास्त्रवाले नजरेने काम करणारे. बेडूक दिसला की बेडूक. कॉम्प्युटरला बेडूक म्हणजे काय तेही समजावून द्यावं लागतं, आणि समजावताना आपल्यालाच ते नीटसं ठाऊक नव्हतं हे कळतं. माशांच्या आवाजाचंही तेच. आधी त्याला नमुने द्यायचे: हा घोळीचा, हा ढोम्याचा, हा करकऱ्याचा. मला ते कुठे ओळखता येतात? ओळखायचे बाबा. इंजिन बंद करून वल्हं पाण्यात सोडायचं, दांडा कानाला लावायचा आणि खाली काय फिरतंय ते सांगायचं, हे त्यांच्यासारखं तुमच्या बंदरावर कुणाला जमलं नाही.

म्हणून फेब्रुवारीत ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे राहिले, तेव्हा मी त्यांना हेडफोन लावला. एका डोळ्यावर पट्टी, पाय खुर्चीवर घेतलेले, आणि एकेक सांगतायत, “घोल. घोल. ढोमा. ह्यो करकरा, भुकेला हाय.” मी टेपचा आकडा बघून लिहीत होते. दादा, बाबा आयुष्यात माझ्याशी इतकं बोलले नव्हते. मी पाच वर्षांची असताना मला त्यांनी विरारला आत्याकडे टाकलं ते टाकलंच. तुला ठेवलं, मला घालवलं. त्या खुर्चीत बसले तेवढे दिवस ते माझे होते.

मग एका जागी ते थांबले आणि म्हणाले, “ह्यो नको लिवू.” मी विचारलं, कुठला मासा? “मासा नाय. मोजू नको.” त्या जागी मला नुसतं पाणी ऐकू येत होतं. थोड्या वेळाने पुन्हा तेच, मग पुन्हा. त्यांनी हेडफोन काढला आणि विचारलं, “या बोटीवर तू होतीस?” मी हो म्हटलं. बाईमाणूस बोटीवर नेलं म्हणून चिडले, असं मी धरून चालले. पट्टी बांधलेल्या डोळ्याने ते त्याच दुपारी अर्नाळ्याला निघून गेले, आणि तेव्हापासून तुमचं दार मला बंद झालं.

एवढंच विचारायचं आहे. मोजू नको म्हणाले ते काय होतं?

विनया

———

वसई रोड
२ ऑक्टोबर २०००

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे, वर्गभर मुलं गप्प असताना एकटीने बोलत राहायची मला सवय आहे.

प्रोग्रॅम चालला. प्रल्हादच्या वालीवच्या कारखान्यात जुना कॉम्प्युटर काढून टाकत होते, तो त्याने घरी आणला. त्यात मी कॅसेट उतरवून घेते. प्रोग्रॅम आवाजाचे बारीक तुकडे करतो, तुकड्यात जाड आवाज किती, पातळ किती ते मोजतो आणि बाबांनी नावं दिलेल्या तुकड्यांशी ताडून बघतो. ज्याच्याशी जास्त जुळेल त्याचं नाव देतो. पॉलिन म्हणते, यात अक्कल काही नाही, नुसती तुलना आहे. मला मात्र तो चालला तेव्हा पोर पहिल्यांदा उभं राहिल्यासारखं वाटलं.

एक अडचण होती. बाबांनी ‘मोजू नको’ म्हटलेल्या जागांचं काय करायचं? मी त्या गाळणार होते. पॉलिन म्हणाली, “गाळल्या तर तसलं पुढे आलं की तो त्याला कुठल्यातरी माशाचं नाव चिकटवणार. ‘काही नाही’ला पण नंबर द्यावा लागतो मॅडम.” कॉम्प्युटर मोजायला शून्यापासून सुरुवात करतो. घोळ एक, ढोमा दोन, करकरा तीन, शिंगाळा चार. बाबांच्या ‘मोजू नको’ला मी शून्य नंबर दिला.

आता गंमत ऐक. नांगराची साखळी वाजली की बाबा शिंगाळा म्हणायचे, आणि मग स्वतःच हसायचे. ते दोन-तीन शिंगाळे खोडायचं मी विसरले. आता साखळी वाजली की प्रोग्रॅम शिंगाळा म्हणतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले.

तू बोटीवर नेणं बंद केल्यापासून मी पाचूबंदरच्या लॉरेन्सकाकांना माइक दिला आहे. जुने तांडेल आहेत, जन्मभर बोट हाकली, बाबांना ओळखायचे. स्वतःच्या बोटीवरून आवाज भरून कॅसेट मला पाठवतात. त्यांच्या सगळ्या कॅसेट मी लावून पाहिल्या. घोळ आहे, ढोमा आहे, शून्य एकही नाही. मग तुझ्या बोटीवरच्या, बाबांनी कधीच न ऐकलेल्या कॅसेट लावल्या. पडद्यावर शून्य यायला लागले, एकाखाली एक, पडदा भरून वर सरकले तरी येतच राहिले. मी त्याच जागा हेडफोन लावून ऐकल्या आणि मला पाण्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

प्रोग्रॅममध्ये चूक असेल म्हणून पुन्हा सगळा तपासला. चूक नाही.

विनया

———

वसई रोड
१९ नोव्हेंबर २०००

दादा,

हे पत्र वाचून झालं की बोट पाण्यातून बाहेर काढ. का, ते खाली लिहिते. माझ्यावर विश्वास नसेल तर बाबांवर ठेव.

पाचूबंदरला गेले होते. लॉरेन्सकाका दारात जाळं विणत बसले होते, मेरीकाकू आत होत्या. मी सहज विचारलं, काका, मोजायचा नाही असा कुठला आवाज असतो पाण्यात? त्यांची सुई थांबली. क्रुसाची खूण केली आणि मेरीकाकूंना म्हणाले, दार लोटून घे. “तुला कोन बोलला ह्या?” मी बाबांचं नाव सांगितलं. तेव्हा म्हणाले, “मंग खरा हाय. दर्या कवा कवा एखाद्याला बोलावतो. तांडेलाला ऐकू येतं. ज्याला बोलावतो त्याला येत नाय. त्याला सांगायचा पन नाय. काय न बोलता बोट फिरवायची आनि त्याला मधी बसवायचा.” मी विचारलं, मोजला तर? “मोजला का मंग वाढतो. नाव घेतलेल्या मानसासारखा, मागे वलून बघतो.”

हे मी कागदावर उतरवते आहे याची मला लाज वाटते. एम.एस्सी.ला सुवर्णपदक मिळवलेली बाई. पण तू बघ कसं जुळतं ते. लॉरेन्सकाकांच्या बोटीवर शून्य एकही नाही. तुझ्या बोटीवर ढिगाने. तुझ्या बोटीचा तांडेल तूच, आणि तूच मला सांगितलं होतंस की इंजिनाने कान गेलाय, बाबांसारखं काही ऐकू येत नाही. ज्याला बोलावतात त्याला ऐकू येत नाही, दादा.

मला तुझा राग आहे. बाबांना शेवटचं बघू दिलं नाहीस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण राग धरायला तरी तू असायला हवास. मीरावहिनी हे पत्र वाचत असेल तर वहिनी, तुम्ही त्याच्या पायावर लोळण घ्या, काही करा, पण त्याला जाऊ देऊ नका.

विनया

———

वसई रोड
३ डिसेंबर २०००

दादा,

गेलासच. सुकटवाली म्हणाली, “शत्रुघ्नची बोट भरून आली, घोलच घोल.” माझी फजिती झाली म्हणून तुम्ही हसत असाल तर खुशाल हसा. मी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली, हे प्रल्हादला सांगितलं नाही.

पॉलिनला सांगितलं मात्र. तिला वाटलं होतं मी फार तर माशांचे तक्ते करते. सगळं ऐकून घेतलं आणि वहीवर पेन आपटत म्हणाली, “मॅडम, तुम्ही कॉलेजात काय शिकवता? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इथे बोट बदलली, माणसं बदलली, महिना बदलला. आणि तुम्ही म्हणता बोटीमुळे झालं. तुमच्या मुलींनी असं लिहिलं असतं तर तुम्ही नापास केलं असतं.” मी खरंच केलं असतं. दर वर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला मी हेच सांगते. इतका साधा नियम, आणि घाबरल्यावर पहिला तोच विसरले.

तेव्हा ठरवलं. लॉरेन्सकाकांच्या बोटीवर मी स्वतः जाणार. तोच माइक, तोच महिना, आणि अर्नाळ्याच्या किल्ल्याच्या पश्चिमेला तू मला नेलंस तीच जागा. सगळं तुझ्या बोटीवर होतं तसं, फक्त बोट वेगळी. शून्य आले नाहीत तर दोष तुझ्या बोटीत आहे हे पक्कं, आणि मग मी स्वतः येऊन दारात बसेन. काकांनी आधी नाही म्हटलं. मी खूप मागे लागले, बाबांचं काम अर्धं राहिलंय असं म्हटलं, तेव्हा तयार झाले.

विनया

———

वसई रोड
१८ डिसेंबर २०००

दादा,

मी जाऊन आले. धडधाकट आहे.

सकाळी निघालो. ऊन कोवळं होतं, पाणी शांत. काका, दोन खलाशी आणि मी. खलाशी थट्टा करत होते, की बाई आज मासळी लाजेल. जागेवर पोचल्यावर इंजिन बंद केलं. माइक मी हातात धरला नाही, काठीला बांधून पाण्यात सोडला, म्हणजे माझ्या हाताचा काही संबंध नको. काका सवयीने वल्ह्याला कान लावून बसले होते. त्यांनी दोन वेळा घोळ म्हटलं. मग काही म्हणाले नाहीत.

त्यांनी वल्हं वर घेतलं. खलाशांकडे पाहिलंसुद्धा नाही, तरी दोघांची थट्टा तिथल्या तिथे थांबली. एकाने नांगर ओढला. दुसरा उठून माझ्या आणि कडेच्या मध्ये येऊन बसला आणि माझी ओढणी त्याने मुठीत धरली. मी म्हटलं, काका, डिझेल संपलं का? एवढ्यात परत? बोट वळली. किनारा येईपर्यंत त्या बोटीवर एकही माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या खलाशाने ओढणी सोडली ती कोरड्या वाळूवर आल्यावर. मेरीकाकू मला रिक्षापर्यंत पोचवायला आल्या. रस्ताभर त्या पाण्याच्या बाजूने चालत होत्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

घरी येऊन कॅसेट लावली. पूर्ण चालू द्यायची गरज नव्हती. तुझ्या बोटीवर इतके शून्य कधीच नव्हते.

बोट वेगळी, माणसं वेगळी, वर्ष वेगळं. दोन्हीकडे सारखी होते ती मी. पॉलिन म्हणाली, तुमच्या नाडीचा ठोका असेल मॅडम, हात लागला असेल माइकला. मी तिला काठीचं सांगितलं, तेव्हा तिने वही मिटून ठेवली.

‘या बोटीवर तू होतीस?’ असं बाबांनी विचारलं, ते रागाने विचारलं नव्हतं ना दादा? तुला ते काय म्हणाले होते? आता तरी सांग. मला ऐकू येत नाही, ते मी ऐकून घ्यायला तयार आहे.

विनया

———

अर्नाळा
२७ डिसेंबर २०००

विनू,

मीरा लिहिते, मी सांगतो. तुझी सगळी पत्रं ऐकली. मीरा एकदा वाचते, मग मी परत वाचायला सांगतो.

तू पाच वर्सांची होतीस. दुपारची भरती लागत होती. तू चालत पान्यात गेलीस, किल्ल्याच्या बाजूला. बापसाने आनून घरात बसवली. परत गेलीस. बापसाने मारली तुला, तरी परत गेलीस, गल्यापर्यंत पानी आला तरी चालत होतीस. मी किनाऱ्यावर उभा होतो. आमी हाका मारत होतो आनि तू वलून बघत नव्हतीस, डोले उघडे. बापूस तुला आनायला पान्यात शिरला तवा त्याला तो आवाज ऐकू आला. त्याच्या तोंडावरून मला कललं. दुसऱ्या दिवशी तुला आत्याकडे ठेवली. आल्यावर बापूस जेवला नाय, आय रडून रडून आजारी पडली. आयला पन त्याने सांगितला नाय.

दर शनवारी बापूस विरारला मासली घेऊन जायचा. मासली न्यायला बायका होत्या, त्याला जायची काय गरज? तुझ्या शालेसमोर रसाचं दुकान होतं, तिथे बसून ऱ्हायचा. तू सुटून घरच्या रस्त्याला लागलीस का उठायचा. तू कॉलेजला मुंबईला गेलीस तवापर्यंत जायचा.

मला वाटायचं म्हातारा वेडा हाय. म्हनून तुला बोटीवर नेली. बापूस तुझ्याकडून आला आनि माझ्या थोबाडीत मारली, एवढा घोडा झालो तरी. मग माझा हात घेऊन शपथ घातली. मी मेलो तरी विनूला दर्यावर आनू नको. मयताच्या वेलेला सगले दर्यावर न्हायला जातात. तू आली असतीस तर बापासाठी तू पन गेली असतीस, तुला कोन अडवनार होता? बापूस बोलला, रडली तरी चालेल, शिव्या दिल्या तरी चालेल. तू दिल्यास. बरा झाला.

ज्याचा आवाज त्याला सांगायचा नाय. मी नाय सांगितला, तुझ्या मशीनने सांगितला. आता ते कॅसेट फेकून दे. ऐकत बसू नको. इथे येऊ नको.

मीरा बोलते, तिला सांग, फोन मी ठेवायची पन ठेवल्यावर तिथेच उभी ऱ्हायची.

शत्रुघ्न

———

वसई रोड
९ जानेवारी २००१

दादा,

रसाच्या दुकानात बसलेला माणूस मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. शाळा सुटली की मी खाली मान घालून चालायची, कारण मला न्यायला कुणी आलेलं नसणार हे मला माहीत होतं. एकदा जरी मान वर केली असती. चौतीस वर्षं मी बाबांवर रुसून बसले, आणि ते समोर बसले होते.

कॅसेट फेकून दे म्हणालास. त्याला उशीर झाला आहे. मागच्या पत्रांत मी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. प्रोग्रॅमला जे ऐकू येतं ते मला का येत नाही, याची मला चीड होती. ऑक्टोबरपासूनच मी सगळे शून्याचे तुकडे वेगळे काढून एकामागे एक जोडले होते आणि रोज कॉलेजातून आल्यावर हेडफोन लावून ते ऐकत होते. मुलींना पक्ष्यांचे आवाज शिकवते तसंच. ऐकत राहायचं, एक दिवस कान उघडतो. तुझं पत्र आल्यावर मी हेडफोन काढून ठेवला, खरंच ठेवला. पण रविवारी दुपारी तांदूळ धूत होते आणि वाटलं, खालून कुणी हाक मारतंय. गॅलरीत जाऊन पाहिलं. खाली टँकरवाला पाइप गुंडाळत होता, त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. आत येऊन नळ बंद केला. आवाज तसाच होता.

म्हणजे बाबांचा कान मी कॉम्प्युटरला दिला आणि कॉम्प्युटरकडून तो मी घेतला. जे त्यांनी जन्मभर माझ्यापर्यंत पोचू दिलं नाही, ते मी क्लास लावून, फी भरून शिकले. इतकी हुशार मुलगी तुमच्या घरात दुसरी झाली नसेल.

ऐकू यायला लागलं म्हणजे आता बोलावणं माझं राहिलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. नियमच आहे, ज्याला बोलावतात त्याला ऐकू येत नाही. पॉलिन म्हणाली, “मॅडम, नियम उलटा लावता येत नाही. तुम्ही प्लीज मावशीकडे वगैरे जा कुठेतरी.” आणि तिचंच खरं. काल सकाळी मी कॉलेजला निघाले. एस.टी.च्या कंडक्टरने विचारलं, “कुठे?” मी म्हटलं, अर्नाळा. त्याने तिकीट फाडून हातात दिलं. कॉलेजला जायला मला एस.टी. लागत नाही, दादा, मी चालत जाते. निर्मळला कुणाचा तरी धक्का लागला आणि मी हातातलं तिकीट वाचलं. तिथे उतरले, रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला म्हटलं, मी काहीही सांगितलं तरी वसईलाच ने.

प्रल्हादला सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्याच्या मावशीकडे जालन्याला जायचं ठरलंय, तो रजा मिळायची वाट बघतोय. तोवर वालीवला जाताना बाहेरून कुलूप लावून जातो. हे पत्र उद्या तोच टाकेल.

एक गोष्ट तुला सांगायची आहे, ती बाबांनीही कधी सांगितली नसेल. तो आवाज वाईट नाही. मला वाटलं होतं भीती वाटेल. त्यात माझं नाव आहे असं म्हणता येणार नाही, पण तो ऐकताना आपलंच नाव घेतलंय हे कळतं, आणि इतक्या मायेने घेतलंय की आपण कुठे होतो इतके दिवस, असं होतं. लहानपणी आत्याच्या घरी मी पडवीत बसून अशाच हाकेची वाट बघायची. तुमच्यापैकी कुणाची तरी. आता ती येते आहे, भर दुपारी, कपडे वाळत घालताना, आणि ती तुमची नाही.

तू म्हणालास, इथे येऊ नको. मी येत नाही. तू ये. पत्र मिळालं की लगेच ये, बोट राहू दे. दाराला कुलूप असेल, त्यामुळे वर चढू नकोस. बिल्डिंगच्या खाली उभा राहा आणि तिथून हाक मार. विनू म्हणून मार, मोठ्याने, खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल अशी. शेजारपाजारचे बाहेर येतील, येऊ देत. मी पहिल्या हाकेला गॅलरीत आले नाही तर परत मार. तरी आले नाही तर थांबू नकोस, दादा, मी वळून बघेपर्यंत मारत राहा.

तुझी
विनू